गुरुवारी पळालेलं गणित

जेवायला बसला की तो आधी मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवायचा. "किती वेळ लागला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही, आजी," म्हणायचा. भोसरीतल्या माझ्या खानावळीत माणसं भूक लागली म्हणून जेवतात. हा एकटाच मोजून जेवायचा.

परभणीकडचा इंजिनिअर. चाळिशी उलटलेली. बायको आणि मुलगी गावी. नोकरी टिकली तर जूनमध्ये दोघींना इकडे आणणार होता, नाहीतर या वयात कुणी दारात उभं करणार नाही, हे तो स्वतःच सांगायचा.

त्याचं काम मला त्यानंच समजावलं. मी चौथी शिकलेली. गाडी आदळली तर पत्रा कसा दुमडेल, याचं अवाढव्य गणित असतं. एका कॉम्प्युटरला ते झेपत नाही. कंपनीनं विकतचं सॉफ्टवेअर बंद केलं होतं. म्हणून ऑफिसातल्याच सगळ्या कॉम्प्युटरांना जोडून ते गणित वाटून द्यायचं. वाटून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं असतात, कुणीही आतून उघडून बघावीत अशी. त्यातलं एक निवडायचं होतं.

शेवटी दोनच उरली. एक सगळ्यांना सारखा वाटा देऊन टाकतं, आणि प्रत्येक टप्प्याला सगळे एकमेकांसाठी थांबतात. दुसरं थोडं थोडं देतं, ज्याचं संपलं त्याला पुढचं.

"मग कुठलं चांगलं?" मी विचारलं.

"पहिलं, आजी. कितीदा मोजलं. पहिलंच पळतं."

मोजलं कधी? गुरुवारी. आमच्याकडे गुरुवारी एमआयडीसी बंद. ऑफिसात कुणी नाही, कॉम्प्युटर सगळे मोकळे, म्हणून याला तोच वार सोयीचा. तुम्हीही गुरुवारच धरला असता.

पहिलंच लावलं. शुक्रवारी माणसं कामावर आली. कुणी ड्रॉइंग उघडलं, कुणाचं मशीन अडकलं. एक कॉम्प्युटर मागे पडला की बाकीचे सगळे हातावर हात ठेवून बसायचे. माझ्याकडे चौघी पोळ्या लाटतात. चौघींना सारखे गोळे दिले आणि एकीचं पोर रडायला लागलं, तर पंगत अडणारच.

गणित वेळेत झालं नाही. कंपनीचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

तो माझ्या ओट्यावर बसून साहेबाला फोनवर विनवत होता. "सर, एक दिवस द्या. दुसरं लावून दाखवतो. सर, फक्त एक दिवस. पाया पडतो." पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "राव, तुम्हीच निवडलंत ना? मग?" फोन बंद झाला तरी हा "सर, सर" करत होता. मी म्हटलं, "ठेव तो फोन. मेलेल्या फोनला काय पाया पडतोस?"

काढलं त्याला. गावी सांगितलं नाही. मला म्हणाला, "आजी, काहीही काम द्या." मी डबे पोचवायला दिले. त्यात त्याच्याच ऑफिसचे डबे होते. तोंड लपवून जाईल असं वाटलं होतं. पण ऑफिसातली पोरं डबा घ्यायला गेटवर यायची आणि तिथंच विचारायची, "सर, दुसरं कसं लावायचं हो?" हा उन्हात उभा राहून सांगायचा. सांगून आला की त्याचा चेहरा जरा माणसासारखा दिसायचा. आता बोलावतील, असं त्याला वाटत होतं.

एक दिवस पळतच आला. "चाललं, आजी! भर कामाच्या दिवशी चाललं!"

"मग तुला आत घेतलं?"

"नाही. थँक्यू म्हणाले."

दुसऱ्या दिवशी डबे भरून तयार, पण तो आला नाही. जाऊन पाहिलं तर त्याची भाड्याची खोली रिकामी, किल्ली दाराला तशीच. डबे मी रिक्षानं पाठवले.

दुपारी ऑफिसातून फोन आला. मला वाटलं, जेवण थंड मिळालं म्हणून असेल.

"आजी, सर आहेत का? पुन्हा अडलंय."

"न्हाई," म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.