आधी बोटं दाखव

"आधी बोटं दाखव."

आमच्या डॉक्टरांचं हे पहिलं वाक्य. जनावर टेबलावर चढायच्या आत ते मालकाचं मनगट धरायचे आणि त्याचा अंगठा, शेजारचं बोट उजेडात फिरवून बघायचे. नवख्या माणसाला वाटायचं, डॉक्टर आपलीच नाडी बघताहेत.

"मला काय न्हाई झालं साहेब. मांजराला झालंय."

डॉक्टर बोटांवरचा बारीक लाल वळ शोधत असायचे. जनावराच्या तोंडातून लोंबणारा दोरा जोर लावून ओढला की बोटांवर तो उमटतो.

"ओढलास ना?"

"जरासा."

मग जे सुरू व्हायचं ते रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांनाही ऐकू जायचं.

नव्वदनंतरची ती वर्षं. वडीगोद्रीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होते, मलमपट्टी करणारी. सरकारी दवाखाना म्हणजे गाई, म्हशी, बैल. पण कुत्र्या-मांजराच्या घशातली सुई काढावी तर आमच्या डॉक्टरांनी, अशी ख्याती झाली होती. तीर्थपुरीपासून, अंकुशनगरच्या कारखान्यापासून लोक पिशवीत मांजर घालून एस.टी.ने यायचे. मी चार नियम पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले होते. दोरा ओढू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, सुई वर येताना पुन्हा टोचते. भाकरीचे गोळे घशात कोंबू नका. लगेच घेऊन या. लोक त्याच पुठ्ठ्याखाली उभं राहून सांगायचे, "मिठाचं पाणी पाजलं, भाकर कोंबली, मंग वढून बघितलं, मंग दोन दिवसांनी आलो."

राग येणार नाही तर काय होईल?

तुम्ही विचाराल, कुत्रं सुई खाईलच कशाला? कोरडी सुई कुत्रं खात नाही. दहीभात खातं. आमच्याकडे घरात कुणी आजारी पडलं की अमावस्येला त्याच्यावरून दहीभाताचा मुटका उतरवतात. त्यात काळा दोरा ओवलेली सुई खोचतात, वर लिंबू ठेवतात आणि हायवेच्या चौफुलीवर टाकून मागे न बघता घरी येतात. मागे बघायचं नसतं, म्हणून तो मुटका कोण खातं ते कुणी बघितलेलंच नसतं. मी वहीत मांडणी केली होती. अमावस्येनंतरच्या तीन दिवसांत जितक्या सुया निघायच्या, तितक्या उरलेल्या महिन्यात निघत नसत.

एकदा डॉक्टर बादली घेऊन चौफुलीवर गेले आणि सगळे उतारे गोळा करून आले.

"साहेब, पीडा अंगावर येईल," पानटपरीवाला ओरडला.

"येऊ दे! तुमची पीडा तुमच्या अंगावरून उतरून कुत्र्याच्या घशात जाऊन राह्यली, ते बराबर चाललंय का?"

आठ दिवस दवाखान्यात कुणी फिरकलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. त्याच वर्षी माझ्या मुलीला ताप आला. आठवडा झाला तरी उतरेना. अंबडच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांच्या वेळा मी कागदावर लिहून भिंतीला लावल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "कागद लावून ताप जातो का? आज अमावस्या हाये." मी नाही म्हटलं. दिवे लागायच्या वेळी पोरगी बडबडायला लागली, तेव्हा मी उठून भात कालवला. घरात सुई सापडेना. पर्समध्ये दवाखान्यातली एक टाकाऊ सुई होती, जखमा शिवायची, चंद्रकोरीसारखी वाकडी. तीच खोचली. चौफुलीवर ठेवलं आणि मागे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा मेंढपाळ आला. घोंगडीत कुत्रा गुंडाळून तो पाच कोस चालत आला होता. कुत्र्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून काळा दोरा लोंबत होता, लाळ गळत होती. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच म्हाताऱ्याने बोटं पुढे केली.

"वढला, साहेब. निघंल वाटलं. हायवेला मेंढरांचा वाडा आल्ता आमचा, तिथंच कायतरी खाल्लं यानं. ह्याच्याबिगर लांडगा मेंढरं ठिवत न्हाई हो."

डॉक्टरांनी त्याला नेहमीचं सगळं ऐकवलं. आवाज मोठा, हात मात्र शांत. भुलीचं इंजेक्शन दिलं. मी बॅटरी धरली. ओढल्यामुळे सुई घशाच्या भिंतीत पार आत शिरली होती. त्यांनी दोऱ्याला धक्का न लावता लांब चिमटा आत घातला. मग ती ट्रेमध्ये पडली.

वाकडी सुई.

पंचक्रोशीत तशी सुई एकाच ठिकाणी होती. डॉक्टरांनी ट्रेकडे बघितलं. चिमटा खाली ठेवला, माझं मनगट धरलं आणि माझी बोटं उजेडात फिरवून बघितली. बोटांवर काहीच नव्हतं. मी ओढला नव्हता, मी फक्त ओवला होता.

"पोरीचा ताप उतरला का?" त्यांनी विचारलं.

"उतरला."

"गोळ्या पुऱ्या करा बाई. मधीच सोडू नका."

बस, एवढंच. अख्ख्या तालुक्यावर ओरडणारा हा माणूस मला एक शब्द बोलला नाही. ओरडायला हवं होतं. हॉटेलात ऐकू जाईल असं ओरडायला हवं होतं. त्यांनी ते केलं नाही, याचा राग मला आजही येतो.

कुत्रा पाचव्या दिवशी गेला. गळा सुजून पू झाला होता. म्हातारा सांगायला आला तो हात जोडतच. "तुमी लई केलं बाई." मग घुटमळला. "दोन मेंढ्या बी गेल्या. कळपाला नजर लागली. उतारा टाकावा लागंल."

मी डॉक्टरांकडे बघितलं. आता दवाखान्याचं छप्पर उडेल असं वाटलं.

"टाक बाबा," ते म्हणाले. "बिलकुल टाक. पण मी सांगतो तिथं टाक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकणाचा पत्र्याचा मोठा डबा चौफुलीवरच्या विजेच्या खांबाला साखळीने बांधला. अक्षरं मी रंगवली: 'उतारा यात टाका. झाकण लावा.' लोक आधी हसले. मग टाकायला लागले. डब्यात टाकूनही मागे न बघता जाता येत होतं. दर अमावस्येच्या दुसऱ्या सकाळी मी डबा रिकामा करायचे आणि वहीत मांडायचे.

वर्षभराने डॉक्टरांच्या नावाने वरून पत्र आलं. सरकारी कर्मचाऱ्याने अंधश्रद्धेला उत्तेजन दिल्याचा ठपका, आणि बदली. पत्र दोन पानांचं होतं. मी ते तीनदा वाचलं. त्यात कुत्रं हा शब्द एकदाही नव्हता. डबा बघायला जिल्ह्याहून कुणी आलं नव्हतं. मी वही घेऊन निघाले होते, जिल्ह्याच्या साहेबांच्या टेबलावर आपटायला. डॉक्टरांनी अडवलं. "ठेवा ती. तुमच्याच कामाला येईल."

ते बदलीच्या गावी निघाले तो अमावस्येचा दुसरा दिवस होता. मोटारसायकलला ट्रंक बांधलेली. चौफुलीवर थांबून ते उतरले, रस्त्याच्या चारही कडा चालून बघितल्या, वाकून गवत बाजूला केलं. काही सापडलं नाही. मग डब्याचं झाकण उघडून आत बघितलं, नीट दाबून बसवलं आणि निघून गेले. डबा मी सकाळी मुद्दामच रिकामा केला नव्हता. नंतर केला. सात मुटके, सात सुया.