वन्संचं प्लास्टिकचं गवत

आमच्या वन्सं शांत नव्हत्या.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर "शांत, सोज्वळ, मायाळू" असं फिरतंय. मायाळू होत्या. बाकीचं खोटं आहे.

हौसाबाई. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. काल दुपारी मिरजेच्या दवाखान्यात वारल्या.

नऊवारी नेसून गोल्फ खेळायच्या. एका पुतण्यानं फोन करून सांगितलं, "काकी, ते नका लिहू. लोक हसतील."

हसू देत. मी लिहिणार.

त्यांचे मालक फौजेत होते. लांब उत्तरेला एका छावणीत गोल्फच्या मैदानाची देखभाल करायचे. वन्संही तिथं रोजंदारीवर खराटा मारायच्या, रोलर ओढायच्या. एका मेमसाहेबांनी त्यांच्या हातात काठी दिली आणि पटिंग शिकवलं. म्हणजे चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा. दिसतं सोपं. एकदा करून बघा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मालक आजारानं गेले आणि वन्सं वडूजजवळच्या आमच्या गावी माहेरी परत आल्या. माझं लग्न होऊन तेव्हा सहाच महिने झालेले.

सामान काय? एक ट्रंक, ती पटिंगची काठी, आणि सतरंजीसारखी गुंडाळलेली एक हिरवीगार वळकटी.

प्लास्टिकचं गवत. मेमसाहेबांनी परदेशातून आणलेलं, निरोपाला म्हणून दिलेलं.

आमच्याकडं प्यायच्या पाण्याची बोंब. खरं गवत बांधावर टिकत नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "ह्याला पाणी लागत न्हाई सुमन. नुसती जमीन नीट लागतीया."

घरामागच्या परसात त्यांनी वीतभर खणलं. मुरूम भरला. धुमसानं ठोकून ठोकून घट्ट केला. वर चाळलेली दगडाची बारीक कच. मग गवंड्याकडून पाणसळ आणून बोट बोट जागा सपाट आहे का ते तपासलं. गवत दोन दिवस उन्हात पसरून त्याच्या वळ्या घालवल्या, मग कडेनं खिळे मारले. वर वाळू टाकून ती खराट्यानं आत जिरवली. भोकात पत्र्याचा डबा बसवला.

आणि खेळायला लागल्या. पदर खोचून.

चौथ्या दिवशी चुलतसासरे आबा आले. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"हौसे, गुंडाळ ते. कपाळ पांढरं झालेली बाई चेंडू खेळतीया, लोक तोंडात शेण घालत्यात आमच्या."

वन्संनी काठी खाली ठेवली नाही.

"आबा, धा वरसं मी सायबांच्या मैदानावर खराटा मारला. तवा कुणाला लाज वाटली न्हाई. आता मी खेळाय लागले तर लाज वाटती व्हय?"

आबा तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही रानातून आलो तर परस उखडलेलं. गवत उकिरड्यावर.

वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी ते ओढून आणलं आणि शेण धुवायला बसल्या. मी शेजारी बसले. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "जाऊ द्या आता. कशाला वाद?"

तोवर मी नवऱ्यापुढं मान वर केली नव्हती.

मी म्हणाले, "वाद तुमी घालू नगा. खोरं धरा."

त्यांनी धरलं, बरं का! तिघांनी मिळून परत घातलं ते गवत. पुन्हा कुणी हात लावला नाही.

वर्षभरानं दारात मोटार आली. मिरजेचे एक डॉक्टर. परदेशातून येताना असलंच गवत घेऊन आले होते, पण ते घालणारं कुणी मिळेना. त्याच मेमसाहेबांनी त्यांना वन्संचं नाव कळवलं होतं.

मी वन्संबरोबर मिरजेला गेले. बंगल्यामागं डॉक्टरांच्या मिस्त्रीनं आधीच काँक्रीट घालून ठेवलेलं. वन्संनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पाणी मधोमध तळं करून थांबलं.

"फोडा," वन्सं म्हणाल्या.

मिस्त्री हसला. डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, एवढंसं तर आहे. वरून गवत येणारच की."

"डॉक्टर, हाड वाकडं बसलं तर तुमी वरनं तसंच प्लास्टर घालता का?"

मिस्त्रीचं हसू थांबलं. डॉक्टरांनी वाकून त्या पाण्यात बोट बुडवून बघितलं.

मग म्हणाले, "फोडा रे."

पाचव्या दिवशी संध्याकाळी चार-सहा डॉक्टर मंडळी बघायला जमली. डॉक्टरांनी काठी वन्संच्या हातात दिली. "पहिला तुम्ही मारा."

वन्संनी पदर खोचला.

चेंडू गेला आणि भोकाच्या कडेनं बोटभर अंतरानं हुकला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वन्संनी वळूनही बघितलं नाही. "गवत बरोबर हाय. हात चुकला." दुसरा चेंडू ठेवला आणि डब्यात घातला. डबा खण्णकन वाजला.

कामाची मजुरी वन्संच्या हातात पडली, आणि त्या दिवसापासून त्यांनी भावाकडं साडीसुद्धा मागितली नाही.

साताऱ्यात एका कर्नलसाहेबांच्या बंगल्यात त्यांनी काम केलं. कोयनानगरला एका इंजिनिअरच्या क्वार्टरमागं केलं. तिथं प्लास्टिक मिळेना म्हणून काथ्याची मॅटिंग घातली. दरवेळी कुणीतरी विचारायचं, "मिस्त्री कुठंय?" वन्सं पाणसळ पिशवीतून काढायच्या आणि कामाला लागायच्या.

आबांनी मरेपर्यंत आमच्या परसात पाऊल टाकलं नाही. वन्संनीही बोलावलं नाही. शेवटी सगळं गोड झालं असं लिहिलं तर वन्संच मला रागावतील.

पण एक सांगते. त्या घरात मी सून म्हणून आले, आणि बोलायला शिकले ती नणंदेमुळं.

वन्सं, तुमच्याबद्दल कुणी आता खोटं गोड बोललं तर त्यांची गाठ माझ्याशी आहे.

या आता. भरल्या मनानं, ताठ मानेनं, तुम्हाला नमस्कार.

तुमची भावजय,
सुमन