झाडलेला ओढा

ईवारी कालुन्की हिवाळ्यात सदऱ्याच्या आत, उघड्या छातीला लागून, भूर्जाच्या सालीची गुंडाळी ठेवायचा. साल टोचायची. छातीवर तांबडे ओरखडे उठायचे. सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, लोक विचारायचे, "कालुन्की, घरी मांजर पाळलंयस की काय?"

तो म्हणायचा, "साल कोरडी आहे."

त्याच्याबरोबर मी सात हिवाळे लाकूडतोडीवर काढले. तो झाडं पाडायचा आणि आपल्या घोडीकडून ओंडके ओढून घ्यायचा. मी, ताऊनो, रस्ते करायचो. आमच्याकडे हिवाळी रस्ता गोठलेल्या तळ्यांवरून जातो. लादलेली घसरगाडी पेलायला बर्फ जाड लागतो, आणि वर भुसभुशीत हिम असेल तोवर तो जाड होत नाही. हिम म्हणजे पांघरूण. म्हणून आम्ही फावड्याने ते काढायचो आणि बर्फ उघडा टाकायचो. पुढचं काम थंडी करायची. हे मी बारा वर्षं केलं आणि चांगलं केलं. चूक त्यातूनच झाली.

छप्पन्न सालच्या जानेवारीत आम्हा दोघांना नव्या जागेवर पुढे पाठवलं. गाव चाळीस किलोमीटर मागे. खोपट अजून बांधायचं होतं. तोवर फांद्यांचा, एका बाजूने उघडा आडोसा आणि समोर शेकोटी. उभ्या उभ्या वाळून करड्या पडलेल्या पाइनचे दोन ओंडके, एकावर एक, मध्ये बोटभर फट. आग त्या फटीत राहते आणि सकाळपर्यंत पुरते. फट रुंद झाली तर विझते, बुजली तर गुदमरते. फट ईवारी राखायचा. मला हात लावू द्यायचा नाही.

आडोशाच्या कडेला विर्मा, त्याची घोडी. चौदा वर्षांची, पाठीवर दोन घोंगड्या. ईवारी तेव्हा छप्पन्नचा होता आणि एक खांदा धड नव्हता. घोडी होती म्हणून त्याला काम होतं. घोडी गेली असती तर त्याला कुठल्याही तोडीवर कोणी उभं केलं नसतं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पाणी ओढ्याचं. वर वीतभर बर्फ, खाली सहा बोटं पाणी. ईवारीने पहारीने भोक पाडलं, पत्र्याच्या मगाने बादली भरली, मग भोकावर स्प्रूसच्या फांद्या टाकून वर गुडघाभर हिम लोटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फांद्या उचलल्या तर खाली नुसता काचेसारखा पापुद्रा. बोटाने फुटला.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आता पाण्याचं तू बघ."

मी बादली आणली. घोडी दमलेली होती, तोंडही लावलं नाही. मी परत ओढ्यावर गेलो. फांद्यांचा ढीग अस्ताव्यस्त दिसत होता. मी फांद्या कडेला नीट रचल्या आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पावलं हिम काढून टाकलं. कडा सरळ, बर्फ आरशासारखा. हात आपोआप चालले. काम चांगलं झालं म्हणून मला बरंही वाटलं.

सकाळी उणे अडतीस. बादलीतलं पाणी दगड झालं होतं. विर्मा गवताला शिवत नव्हती. पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून आपल्याच पोटाकडे बघत होती. पाण्याविना पोटात चारा अडला की घोडं असंच करतं.

"लीद कधी टाकली?" ईवारीने विचारलं.

"काल दुपारी."

"पाणी?"

"तेही दुपारी."

तो पहार घेऊन ओढ्यावर गेला. मी मागोमाग. त्याने पाच-सहा घाव घातले. शेवटच्या घावाला पहार खडकावर वाजली. ओढा तळापर्यंत गोठला होता.

त्याने माझ्या सरळ कडा पाहिल्या. "आईने तुला अंगण झाडायला शिकवलं, चांगलं केलं. ओढा झाडायला कोणी सांगितलं?"

"हाताला सवय आहे."

"हाताला डोकं जोडलेलं असतं, ताऊनो. आग पेटव. मोठी. ओंडक्यांची आच बादलीला पुरायची नाही."

त्याने सदऱ्यात हात घालून साल काढून दिली. मी हिम तुडवून घट्ट केलं आणि वर ओली लाकडं आडवी टाकली, नाहीतर आग हिम वितळवत खाली जाते. पहिली काडी मोडली. दुसरी विझली. ईवारी न वळता म्हणाला, "गुळगुळीत बाजू वर आहे तुझी. साल उलटी धर, कडेला लाव." तिसऱ्या काडीला सालीने काळा धूर सोडला आणि पेटली. मग राळ मुरलेल्या लाकडाच्या ढलप्या, मग बोटाएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढ्या. घाई केली नाही. करावीशी वाटत होती.

मी मोठ्या भांड्यात हिम भरायला लागलो. दहा भांडी हिम वितळवावं तेव्हा एक भांडं पाणी होतं. घोडीला दोन बादल्या तरी हव्यात. हिशेब जमत नव्हता.

"ते ठेव," ईवारी म्हणाला. तो आडोशामागे हिम उकरत होता. दीड हात खाली दुधाचा मोठा कॅन लागला. त्याने तो हलवला. आत पाणी डचमळलं.

मी खालीच बसलो.

"काल दुपारी पुरला," तो म्हणाला. "बसतोस काय, उचल."

झाकणाखाली बोटभर बर्फ होता, तो आम्ही फोडला. पाणी कोमट केलं. विर्माने हुंगलं आणि तोंड फिरवलं. पाण्याला धुराचा वास येत होता. ईवारीने कॉफीत चिमूटभर टाकायला ठेवलेली मिठाची पुरचुंडी काढली आणि सगळीच्या सगळी बादलीत रिकामी केली. हात पाण्यात बुडवून तिच्या ओठांवर फिरवला. तिने चाटलं. पुन्हा चाटलं. मग तोंड बुडवलं. मी घोट मोजले, सतरापर्यंत.

मग तिला चालवायचं. शेकोटीभोवती, तुडवलेल्या वाटेवर, आळीपाळीने. कॉफी ठेवू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तिचं होऊ दे आधी." दोन तासांनी हिवाळ्यातलं उशिराचं उजाडलं, क्षितिज तांबूस झालं. विर्मा थांबली, शेपूट उचलली आणि लीद टाकली. वाफ निघाली.

ईवारीने हातमोजा काढला, एक गोळा उचलून फोडून बघितला. "ओली आहे," म्हणाला आणि तो हात तसाच धरून हसायला लागला. सात हिवाळ्यांत मी त्याला तेवढं एकदाच मोठ्याने हसताना ऐकलं. मीही हसलो.

कॉफी झाली. मीठ नव्हतं.

"बेचव आहे," तो म्हणाला.

"कॅन रोज पुरतोस?"

"बावीस साली पहिली घोडी गेली. कोरडं गवत, वर पाण्याऐवजी हिम चाटत होती. तेव्हापासून."

"चौतीस हिवाळे. उपयोग कितीदा झाला?"

"आज धरून?"

"हो."

"एकदा."

त्याने कप झटकला आणि पहार माझ्याकडे सरकवली. "खाली पन्नास पावलांवर ओढा खोल आहे. नवीन भोक पाड. फावडं इथेच राहू दे."