काचेमागची गवर

माझ्या धाकट्या दिराने आमच्या गौरीचा चांदीचा मुखवटा बडोद्याच्या एका संग्रहालयाला देऊन टाकला, असं तो सांगायचा. कोणत्या संग्रहालयाला, असं विचारलं की म्हणायचा, "मोठ्या."

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काम करते. तिथे ट्रक रिकामा तोलतात, मग भरून तोलतात, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर खाली उतरलाय की नाही ते कुणाला तरी बघावं लागतं. ते मी बघते. या कामात एक सवय लागते. माणूस फार थोडक्यात उत्तर द्यायला लागला, की त्याच्या गाडीभोवती एक फेरी मारून यायची.

आमची गौर तेरड्याची. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणायची, त्यांची मोळी बांधायची, तिला साडी नेसवायची आणि वर मुखवटा बांधायचा. त्यासाठी आमच्या मुखवट्याला कडेने भोकं होती. चेहरा तेवढा, हनुवटीखाली काही नाही, मागून पोकळ. सासूबाई मोळी घट्ट धरायच्या आणि मी भोकांतून दोरा ओवून गाठी मारायचे. लग्न झाल्यापासून हे काम माझंच. सासूबाई चिरनेरच्या, त्या तिला गौर म्हणत नाहीत, गवर म्हणतात.

पनवेलचं जुनं घर बिल्डरकडे गेलं आणि आम्ही करंजाड्याला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा बडोद्याला नोकरी करणारा दीर म्हणाला, "इथे तुम्हाला जमायचं नाही, मी बडोद्याला बसवतो गौर." बडोद्यात तेरडा मिळतो का, हे मी लगेच विचारलं होतं. त्याने चहा मागितला, आणि जाताना मुखवटा घेऊन गेला. पुढे त्याची बायको कायमची माहेरी निघून गेली आणि मुखवटा संग्रहालयात गेला. निदान आम्हाला तसं सांगण्यात आलं. आम्ही बाजारातून प्लास्टरचा मुखवटा आणला आणि तो बांधायला लागलो. माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे." तो सगळ्यालाच जाऊ दे म्हणतो.

मग यंदा दिराचा फोन आला, आईला आता कायमची माझ्याकडे पाठवा. इतकी वर्षं दिवाळीला दोन दिवस येणारा माणूस एकदम आई मागायला लागला, तर कुणालाही प्रश्न पडेल. मला वाटलं, याला आई नकोय, स्वयंपाकीण हवीय. नवऱ्याला तसं सांगितलंही. सासूबाईंच्या कानावर ते गेलंच, कारण आमच्या फ्लॅटच्या भिंती तशाच आहेत.

त्यांनी स्वतः फोन घेतला. "येतंय मी," त्या म्हणाल्या. "पन आधी माझी गवर दाखव. दिसली तर राहीन. नाय दिसली तर सूनबाईबरोबर परत."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग तो म्हणाला, "ये. दाखवतो."

मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन बडोद्याला गेले. मनात हिशेब सरळ होता. मुखवटा विकलेला आहे, तो दिसणार नाही, आणि मी यांना परत घेऊन येणार. त्यांची औषधंसुद्धा मी जेमतेमच भरली होती.

दाखवतो म्हणणाऱ्या दिराला आम्ही पोचलो त्या सकाळी नेमकं ऑफिसात महत्त्वाचं काम निघालं. "वहिनी, रिक्षा करून जा तुम्ही. इथे सगळं जवळ आहे."

"कुठल्या संग्रहालयात जायचं ते तरी सांगा, भाऊजी."

"त्यांची मांडणी बदलत असते हो. दोन-तीन बघा."

बडोदं ही गायकवाडांची राजधानी. संग्रहालयांना तोटा नाही. पहिलं राजवाड्यातलं. पिशवी बाहेर ठेवा, चप्पल इथे, फोटो काढू नका. मी प्रत्येक कपाटापाशी थांबून पाटी वाचत होते. अर्ध्या पाट्यांवर 'अंदाजे' लिहिलेलं. आमच्याकडे कुणी अंदाजे वजन लिहिलं तर त्याला घरी पाठवतात. सासूबाई तलवारी आणि तसबिरी सोडून चांदीच्या ताटांपाशी थांबल्या.

"येवढी भांडी," त्या म्हणाल्या. "घासत कोन व्हता?"

"नोकर असतील."

"त्यांची तसबीर नाय कुठं."

गौर नव्हती. दुसरं संग्रहालय बागेतलं, फार मोठं. तिथे परदेशातून आणलेलं एक जुनं प्रेत कापडात गुंडाळून काचेत ठेवलेलं आहे. सासूबाईंनी ते खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, "हिला कुनी नव्हतं काय गं? जाळलीपन नाय, पुरलीपन नाय." मग काचेवर हात टेकून उभ्या राहिल्या, तेव्हा तिथला रखवालदार धावत आला. तो मराठीच निघाला. मी त्याला विचारलं, पनवेलच्या घरातून आलेला चांदीचा मुखवटा इथे आहे का.

"मावशी, लोक काय काय आणून देतात," तो म्हणाला. "आम्ही घेतो ते सगळंच बाहेर लावत नाही."

ही पळवाट माझ्या लक्षात आली होती. दिसला नाही तर दीर म्हणणार, आतल्या खोलीत असेल. आजवरच्या थोडक्या उत्तरांचा अर्थ मला लागला असं वाटलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि सासूबाईंना केळं सोलून दिलं. "आई, आता एकच राहिलंय. तिथेही नसेल तर उद्याच्या गाडीने निघू."

"बगू," त्या म्हणाल्या.

तिसरं छोटं होतं, एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. मराठी घरांतल्या वस्तू होत्या. अडकित्ते, पानाचे डबे, पाळण्याच्या साखळ्या. मी पाट्या वाचत पुढे गेले होते. मागून सासूबाईंचा आवाज आला.

"हीच गं. हीच माझी गवर."

त्या एका काचेसमोर हात जोडून उभ्या होत्या. आत गौरीचा मुखवटा होता, चांदीचाच. पण त्याला गळा होता. खाली रुंद कडं असलेला पूर्ण गळा, म्हणजे तो मोळीला बांधायचा नव्हताच, घटावर नाहीतर लोखंडी सांगाड्यावर बसवायचा होता. कडेला एकही भोक नव्हतं.

"आई, नीट बघा. आपल्या मुखवट्याला गळा नव्हता."

"तुला काय म्हायत?"

मला काय माहीत! मी दोरा ओवत होते तेव्हा या मोळी धरून उभ्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, सुईत दोरा ओवतात अजून. माझं डोकं चालू झालं. म्हणजे यांना इथेच राहायचंय. माझ्या घरात एवढी वर्षं काढून, ओळखीची नसलेली चांदी ओळखायची यांची तयारी आहे. रिक्षात मी बाहेर बघत राहिले.

संध्याकाळी दीर आला. सासूबाईंनी त्याच्यापुढे चहा आणि खारी ठेवली.

"दिसली रे तुझी गवर," त्या म्हणाल्या.

त्याने खारी बशीत ठेवली. "दिसली?"

"दिसली. काचंत चकचकीत ठेवलीय. चांगलं केलंस."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी चहात साखर ढवळत होते, आधीच ढवळलेली. तो उठून बाल्कनीत गेला. मी त्याच्यावर नजर ठेवून होते, घाम फुटलेला चोर कसा दिसतो ते बघायला. तो कठड्याला धरून उभा होता. चहावर साय आली, तो आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरत असताना सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं. "आई, खोटं का बोललात?"

"गळा व्हता गं त्या काचंतल्या गवरीला," त्या म्हणाल्या. "दिसतो मना अजून गळा."

"मग?"

"मग काय. याच्या घरातला फ्रीज बगितलास? आत काय हाय?"

मी बघितला होता. पाण्याच्या बाटल्या आणि लोणचं. मी त्याचा अर्थ लावला होता, घरात बाई नाही.

"शर्ट बगितलास? दोन मापं मोठा. लहानपनी काय मोडून ठेवलं की खोटं सांगायचा, आनि मंग जेवायचा नाय. मी वळखलं नाय असं त्याला वाटेस्तवर नाय जेवायचा." त्यांनी मेथीची एक काडी चाचपून टाकून दिली. "त्यानं गवर इकली आसंल. काय नड आल्याबिगर कोन इकतं? मी परत गेली तर हा सांगनार कुनाला?"

"मला आधी सांगायचं होतंत."

"तुला सांगितलं आसतं तर तू त्याला काट्यावर चढवला आसता." त्या हसल्या नाहीत. "त्याला काय इचारू नको. माझ्या गोळ्या आनि जाड स्वेटर पाठव."

यात मला राग येण्यासारखं बरंच होतं. पण गोळ्या मी मुद्दाम कमी आणल्या होत्या, त्यामुळे तो विषय मी वाढवला नाही. मेथीची पेंडी अर्धी माझ्याकडे ओढली आणि निवडून दिली.

दीर मला स्टेशनवर सोडायला आला. बॅग त्यानेच उचलली. जिना चढताना त्याला दोनदा थांबावं लागलं, आणि ती बॅग जड नव्हती. गाडी यायला वेळ होता. तो पाण्याची बाटली घेऊन आला, माझ्या हातात दिली आणि रुळांकडे बघत म्हणाला, "वहिनी, तुम्हीही बघितलात ना तो मुखवटा?"

सासूबाईंनी विचारू नको म्हटलं होतं. सांगू नको असं म्हटलं नव्हतं.

"बघितला," मी म्हणाले. "गळ्याचा होता."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "आईला कळलं?"

"भाऊजी, मोळी कोण धरायचं?"

त्याने बॅग उगाच थोडी पुढे सरकवली. मुखवटा विकला की गहाण टाकला, आणि कशासाठी, मला आजही माहीत नाही. बायको का गेली तेही माहीत नाही. संशय माझा गेलेला नाही, पण आता तो वेगळ्या गोष्टीचा आहे, आणि दर रविवारी फोनवर सासूबाईंना मी आधी त्याच्या जेवणाचं विचारते.

गाडी लागली. त्याने बॅग सीटखाली सरकवली, खाली उतरला आणि खिडकीशी आला.

"आईला रात्री दूध लागतं का?"

"लागतं. गरम. साखर घालायची नाही."

"किती?"

"कपभर. आणि गाळून द्या, साय आली तर पीत नाहीत." गाडीने झटका दिला. "तुमच्यासाठीही तापवा. बॅग उचलताना पडला असतात आत्ता."

तो चार पावलं गाडीबरोबर चालला आणि त्याने विचारलं, म्हशीचं की गाईचं. मी ओरडून सांगितलं, गाईचं.