उंद्रीच्या वाटेवरचा वाळवलेला शिधा

पोटापुरतं अन्न पाठीवर घेऊन निघालेल्याने परक्या गावाकडून काय घ्यावं आणि काय नाकारावं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. तरी हा प्रवास सांगते. कुणाला असं पायी जायचं असेल तर उपयोगी पडेल.

मी नुकतीच चिखलीच्या एका शाळेत शिकवायला लागले होते. आठवीच्या मुलींना उंद्रीपर्यंत चालत न्यावं, तिथे एक मुक्काम करावा, असं फार मनात होतं. पालकांची अट एकच: पोरी वाटेत कोणाच्या घरचं खाणार नाहीत. मी कबूल झाले. आधी कुसुम या मैत्रिणीबरोबर ती वाट चालून पाहायचं ठरवलं.

मग आमच्या छतावर वाळवणं सुरू झाली. हरभऱ्याची कोवळी पानं, वांग्याच्या चकत्या, मुगाच्या वड्या. भोपळा आतून ओलसर राहिला आणि त्याला बुरशी आली. त्याच्या नादी लागू नका. तांदूळ आणि मूगडाळ भाजून जाडसर दळली, की उकळत्या पाण्यात खिचडी पटकन होते. घरात पहिली पदवी माझी. आई वड्यांकडे बघून म्हणाली, “बी.ए. केलं, अन् शेवटी वड्याच घालून राह्यली का वं?”

सकाळी निघालो. रस्ता सपाट, सावली कमी, दोन्हीकडे घाटे भरत आलेला हरभरा. वाटेतल्या एका विहिरीवर कडीच्या डब्यात पाणी घालून भाजी भिजत टाकली. पोचेपर्यंत ती मऊ होते.

उंद्रीत कापूस पिंजणाऱ्या रहीमभाईंच्या ओसरीवर जागा मिळाली. त्यांची बायको हलीमाबी. त्यांनी पाणी दिलं, सरपण दिलं. आम्ही अंगणात तीन दगड मांडले आणि पिशव्या सोडायला लागलो. त्या उंबऱ्यात बसून पाहत होत्या. मिठाची पुडी निघाली तेव्हा म्हणाल्या, “बाई, मीठबी घरूनच आणलं का?”

कुसुम हसली. मला हसू आलं नाही. मी पालकांची अट सांगितली, मी स्वतः काही पाळत नाही हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “मंग हे तीन दगड काऊन मांडले?”

मी चूल पेटवली. खिचडी-भाजी झाली तशा त्या आत जाऊन ताटली घेऊन आल्या. “तुमचं आमाले चालते. वाढा.”

त्यांनी खिचडी खाल्ली, भाजी अळणी आहे म्हणाल्या, आणि भाकरी अन् ठेचा आणून मधे ठेवला. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने परतलो. पालकांना घडलं तसं सांगितलं, आणि मी म्हणाले की मुली हलीमाबींकडे जेवतील. ज्यांना चालत नसेल त्यांनी मुलीचं नाव काढून घ्यावं. एका मुलीचे वडील म्हणाले, “तुमाले शिकवाले ठेवलं बाई, बाटवाले नाही.” निम्म्याहून जास्त नावं गेली. त्यातली एक मुलगी छतावर माझ्याबरोबर पानं पसरायला यायची. तिचं न येणं अजून टोचतं.

उरलेल्या चौघींना घेऊन गेल्या शनिवारी उंद्रीला जाऊन आले. वाळवलेली भाजी आम्ही नेली. भाकरी हलीमाबींनी केल्या. मीठ मी नेलं नव्हतं.