राजाला सांबार हवं होतं म्हणे

आमच्या घरचं मराठी तंजावुरात चारचौघांना कळत नाही, याचा अप्पांनी आणि मी आयुष्यभर मनसोक्त फायदा घेतला. दुकानदार लबाडी करतोय, पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत, बसमध्ये शेजारच्या बाईंनी डोक्यात फुलांचं अख्खं दुकान माळलंय, काहीही असो, त्या माणसाच्या समोर उभं राहून बोलायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ही खोड वाढतच गेली. आता ती मोडली. कोणी मोडली ते मी सांगणार आहे, आणि सांगताना गोड बोलणार नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीनं विनोदी प्रसंगांचा एक शो करायचं ठरवलं. पाच-सहा छोटे प्रसंग, सगळे तमिळमध्ये, मोबाइलवर चित्रित करून इंटरनेटवर टाकायचे. ती शाळेपासूनची माझी मैत्रीण. तमिळ घरातली, पण आमच्या स्वयंपाकघरात डबे कुठे असतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. लिहायचं मी, काम तिनं करायचं, आणि शेवटी कापून जोडायचंही तिनंच, अशी वाटणी होती. खिशात दमडी नव्हती. तिच्या भावाचा फोन हा आमचा कॅमेरा आणि दोरीवरची चादर हा स्टुडिओ.

त्यातला एक प्रसंग माझा फार लाडका होता. जुना राजा आजच्या तंजावुरात परत येतो आणि त्याच्याच राजवाड्याच्या खिडकीवर त्याला तिकीट मागतात. तो म्हणतो, हे माझं घर आहे. कारकून म्हणते, मग आधार कार्डावरचा पत्ता दाखवा. राजवाड्यात चित्रीकरणाची परवानगी आम्हाला कोण देणार, म्हणून मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्याचं टेबल मागून आणलं आणि त्याचीच तिकीटखिडकी केली. राजाला शोभेल असं पोट कॉलेजात एकाकडेही नव्हतं. अप्पा आपणहून म्हणाले, मी करतो. सरकारी कचेरीत जन्म खिडकीच्या आत काढला, एकदा बाहेर उभं राहून बघू दे. केकच्या खोक्याचा मुकुट केला आणि भाताच्या पेजेनं मिशी चिकटवली. अप्पा हसले की मिशी पडायची आणि मिशी पडली की अप्पा आणखी हसायचे.

पण काम सुरू झालं आणि अप्पा चुकायला लागले. टेबलामागून कारकून झालेली मैत्रीण विचारायची आणि राजा नुसता बघत राहायचा. मला वाटलं वाक्यं विसरताहेत. मग त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाले,

"मज तिचं बोलणं ऐकूं येत नाही गे. माझी पाळी आली की तूं हात वर कर. भजनांत कोणाला सांगूं नको."

मी "बरं अप्पा" एवढंच म्हटलं. गेले कित्येक महिने मी हाक मारली की ते ओ देत नव्हते आणि मी मनात त्यांच्यावर चिडत होते.

भजनाचं सांगायला हवं. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आमची जी मराठी घरं उरली आहेत, ती शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून भजन करतात. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. ओळ सांगायचा मान अप्पांचा, त्याआधी त्यांच्या वडिलांचा. ज्याला श्रुतीच ऐकू येत नाही त्याच्याकडे तो मान राहत नाही. अप्पा नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा घरी येऊन आरामात कॉफी प्यायले होते. भजनातून उठवलं असतं तर मात्र ते खचले असते, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी हात वर करत गेले, अप्पा बोलत गेले आणि प्रसंग झकास झाला. फोन मात्र मधे बंद केलेला नव्हता, कारण तो तापायचा आणि एकदा बंद केला की पुन्हा सुरू व्हायला रुसायचा. संध्याकाळी मी मैत्रिणीला बजावलं की मधे मी आणि अप्पा बोललो ते काढून टाक, ते आमचं आमचं आहे. काय बोललात असं तिनं विचारलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

शो आला तो मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर बघितला. राजा तिकिटाच्या खिडकीपासून वळला, मला जवळ बोलावलं आणि मराठीत बोलायला लागला. खाली तिनं तमिळ सबटायटल दिलं होतं: 'राजाला भूक लागली आहे. सांबार तयार नसेल तर युद्ध पुकारेन.' माझ्या "बरं अप्पा"खाली होतं: 'महाराज, डाळ संपली.' कॅन्टीन टेबलं बडवून हसलं. अख्ख्या शोमध्ये तेवढाच तुकडा गावभर फिरला.

मी तिला गाठलं. तिला खरंच वाटत होतं की मी तिचं कौतुक करायला आलेय. शपथेची आठवण दिली तेव्हा म्हणाली, "तुमची भाषा इथे कोणाला कळते? सगळ्यात जास्त त्यालाच हसले, तुला अजून काय हवं?" केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. अर्थ कळला नसेल तिला, मान्य. काढून टाक म्हटलेलं कळलं होतं. ते तिनं हशासाठी विकलं, आणि त्यासाठी मी तिला माफ केलेलं नाही.

अप्पांनीही तो तुकडा बघितला. शेजाऱ्यांनी दाखवला. त्यांनी सबटायटल वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. फोनमधला आवाज त्यांना ऐकूच आला नव्हता, त्यांना वाटलं खरं बोलणं काढून ही वाक्यं घातलीत. डाळ संपली हे छान लिहिलंस, असं मला म्हणाले.

आमची भाषा ज्यांना कळते त्या घरांत कोणी हसलं नाही.

पुढच्या शनिवारच्या आधी आत्या, म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, घरी आली. अप्पांसमोर बसली आणि तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं म्हणाली, "दादा, तूं अत्ता दमलास. ह्या शनिवारपासून ओळ माझा मुलगा सांगेल." ती आयुष्यात कधी त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती गेल्यावर त्यांनी एकदाच विचारलं,

"तूं सांगितलंस कां?"

नाही म्हणायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. की अप्पा, तुम्हीच सांगितलंत, तुमच्याच आवाजात, आणि तुम्ही ते बघून हसलात, कारण तुम्हाला ऐकू आलं नाही. माझी जीभ रेटली नाही. मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी हो असा घेतला.

आता शनिवारी ते मागे, भिंतीला टेकून बसतात. टाळ मांडीवर असतात. माझा आतेभाऊ ओळ सांगतो, इतरांनी उचलायची वेळ आली की मी हात वर करते. अप्पा तेवढ्यात मान वळवून दाराकडे बघायला लागतात.