पुरे म्हणणारं इंजेक्शन

छत्तीसगढ राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि त्याच सुमारास आमचे हेही वाढायला लागले. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरासमोरून लाल दिव्यांच्या गाड्या धावू लागल्या आणि यांच्या पायात जुन्या चपला शिरेनाशा झाल्या. ऑफिसात बढती मिळाली होती, ती अंगी लागली असं पुरुषमंडळी म्हणायची. शेजारणींनी मात्र सगळं श्रेय मला दिलं. "वहिनी, काय खाऊ घालून राहिल्या भैयाले?" कोणी विचारलं की मी नुसती हसायची, नाही म्हणायची नाही. माझ्या पुरणपोळीचं एवढं कौतुक माहेरीसुद्धा झालं नव्हतं.

यांची साखरपुड्याची अंगठी सदर बाजारातल्या सोनाराने दोनदा मोठी करून दिली. पुढच्या खेपेला त्याने हात जोडले. "दीदी, अब अंगूठी नहीं, तार बचेगा." अंगठी देवघरातल्या डबीत गेली. यांना त्याचं काही नाही. "राजधानीचा माणूस आहो मी आता," म्हणायचे आणि पुन्हा भात मागायचे. आमच्याकडे वाढणारी मी आणि "पुरे" म्हणणारीही मीच. तो शब्द यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता.

मग नागपूरहून माझ्या नणंदेची मुलगी एका लग्नासाठी आली. डॉक्टरकी शिकत होती, आणि मामाला बऱ्याच वर्षांनी बघत होती. आता छत्तीसगढात मामा भाचीच्या पाया पडतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आमच्या घराने ही रीत उचललेली, पण नागपूरच्या पोरीला ती कुठली ठाऊक? हे वाकले तशी ती किंचाळलीच. "अहो मामा, काय करून राहिले तुम्ही!" म्हणत तिने यांचे दोन्ही हात वरच्या वर धरले. धरले ते सोडलेच नाहीत. बोटं दाबून पाहिली, तळवे उलटे केले, मग चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मामी, तुमच्या लग्नाचा फोटो आहे का?"

फोटो यांच्या शेजारी धरला तेव्हा मलाही दिसलं. जबडा रुंद झाला होता, नाक फुगलं होतं, भुवया पुढे आल्या होत्या. रोज बघणाऱ्याला काय दिसणार?

तपासण्या केल्या, तर मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवर गाठ सापडली. ती वाढीचं हार्मोन नको तितकं सोडत होती. असंच चाललं तर हृदय थकेल, डोळेही जातील, असं डॉक्टर म्हणाले. पुरणपोळीचं श्रेय तिथेच संपलं. मी इतकी घाबरले की घरी येऊन देवापुढे दिवा लावताना काडी पेटेना.

नाकातून ऑपरेशन झालं. गाठ बरीचशी निघाली, थोडी राहिली. तिला आवरायला दर महिन्याला इंजेक्शन. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं हार्मोन असतं. त्याचं काम आवरण्याचं. वाढीच्या हार्मोनला ते थांबवतं, इन्सुलिनला आवरतं, पोटातलं आम्लही कमी करतं. पण रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. म्हणून त्याच्यासारखंच, पण टिकाऊ औषध बनवलंय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन मिनिटात हारते? आमच्या घरी पाठवा त्याले. हिचं पुरे सकाळपासून रात्रीपर्यंत टिकते."

इंजेक्शन फ्रिजमध्ये, माझ्या लोणच्याशेजारी. सुई जाड, आणि टोचायची कमरेखाली. राजधानीचा माणूस पालथा पडून माझा हात घट्ट धरायचा. नंतर काही दिवस पोट बिघडायचं, त्याचं खापरही माझ्या भाजीवर.

"हाडं वाढली ती वाढली," डॉक्टर आधीच म्हणाले होते. "सूज उतरली की औषध लागू पडतंय असं समजा." रक्ताच्या तपासण्या डॉक्टरांच्या, माझी तपासणी अंगठीची. दर इंजेक्शननंतर मी डबी उघडायची. अंगठी बोटाच्या सांध्याशी अडायची. "काहून वं, बोट मोडतं का माह्यं?" हे ओरडायचे. मी डबी बंद करून स्वयंपाकघरात जायची आणि थोडं रडून यायची.

दिवाळीच्या पाडव्याला यांना तेल-उटणं लावलं, पाटावर बसवून ओवाळलं, आणि डबी उघडली. अंगठी सांध्याशी अडली. जरा फिरवली, तशी सरकली आणि खाली जाऊन बसली.

मी चेहऱ्याकडे पाहिलं. जबडा तसाच, नाक तसंच. फोटोतला नवरा काही परत आला नव्हता. पण आता हे असेच राहणार होते, आणि मुख्य म्हणजे, माझ्याजवळ राहणार होते. मला हुंदका फुटला. हात सोडवेना.

"पुरे न वं," हे हळूच म्हणाले, "दिवा विझून राहिला."

यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पुरे. मी ऐकलं नाही.